चिपळ्याचे कान

ये, असा पुढं सरक. दाराजवळ बसलास तर अर्धं ऐकू यायचं नाही, आणि ही गोष्ट अर्धी ऐकून उठण्यासारखी नाही. कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून पाण्याचा घोट घेतात, उपरणं नीट करतात आणि मग आख्यान लावतात ना, तसं आज तुझ्यापुरतं मी एक आख्यान लावते. यात राजा नाही की ऋषी नाही. एक कुत्रा आहे आणि त्याला मारलेली एक हाक आहे. त्या हाकेकडं तेवढं लक्ष ठेव.

कोपरखैरण्यात सेक्टर पडायच्या आधीपासून खाडीकाठी जे जुनं गाव आहे, तिथं मारुतीचं एक देऊळ आहे. चारी बाजूंनी बिल्डिंगी उठल्यामुळं आता ते खोबणीत ठेवलेल्या देव्हाऱ्यासारखं दिसतं. शनिवारी दिवेलागणीला तिथं भजन असतं. देवजीबुवा पेटीवर बसतात आणि गातात. गोटीराम पखवाजावर असतो. गोटीरामचा स्वतःचा टेम्पो आहे, छोटा हत्ती, त्यावर दिवसभर रेती-सिमेंटची ने-आण करतो आणि संध्याकाळी हात धुऊन पखवाजाला कणीक लावायला बसतो. बायकांत सगळ्यांत पुढं केशरबाई. उभं आयुष्य याच गावात गेलेली, खाडीत कोलंबी धरलेली, शेतं सिडकोत गेलेली पाहिलेली बाई. हातात चिपळ्या घेतल्या की मात्र तिचं वय कुठं जायचं कोण जाणे.

एका भर उन्हाळ्यात एक पिवळसर पिल्लू देवळाच्या सावलीला आलं आणि राहिलं. त्याला प्रसादाचं काय ते मिळायचं, आणि केशरबाईकडून तांदळाच्या भाकरीचा तुकडा, वर बोंबलाचं डोकं. ते मोठं झालं. भजन सुरू झालं की उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसायचं. आत कधी पाय टाकला नाही त्यानं.

आणि एका शनिवारी काय झालं, गजर अगदी रंगात आला, टाळ-चिपळ्या एका लयीत लागल्या, आणि उंबऱ्यावरून आवाज आला, पट्-पट्-पट्-पट्. कुत्रा मान हलवून कान वाजवत होता. चक्क तालात!

देवजीबुवांनी पेटी थांबवली. "अरे वा! आनखी एक चिपळीवाला मिलाला आपल्याला."

"बुवा, तुमच्यापेक्षा याचा ताल पक्का हाय," गोटीराम म्हणाला.

"तुझ्यापेक्षा तरी हाय बाबा. हा पैसे पन मागत नाय."

सगळे हसले. केशरबाई तर इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. तिनं तिथल्या तिथं त्याचं बारसं केलं. चिपळ्या.

पुढं कुणीतरी मोबाईलवर त्याचं भजन टिपलं आणि ते गावभर, मग सेक्टरभर, मग कुठं कुठं गेलं. सीवूड्सहून एक बाई गाडी करून आली, चिपळ्याच्या गळ्यात लाल पट्टा घालून गेली. "मागच्या जन्मीचा कुणी वारकरीच," ती म्हणाली. केशरबाईला हे आधीपासूनच वाटत होतं. देवाच्या दारात बसून ताल धरणारा जीव, तो का साधा असेल?

हळूहळू चिपळ्याची सेवा वाढली. आधी तो फक्त गजराला कान वाजवायचा, मग अभंगालाही वाजवू लागला. नंतर बुवा पान लावत असले, कुणी काही गात नसलं, तरी आपलं पट्-पट् चालूच.

"आता घरी बसून सराव पन करतो," गोटीराम म्हणाला, आणि त्यावर पुन्हा हशा.

त्याचा डावा कान जरा फुगल्यासारखा झाला होता. मांजरीनं ओरबाडलं असेल म्हणून केशरबाईनं खोबरेल तेलात हळद कालवून लावली. त्यानं कान मागं ओढला, पण तिचा हात चाटला. आता पुढं ऐक.

केशरबाईचा मुलगा रणजीत. देवळाला लागूनच त्याच्या बिल्डिंगचं काम चाललेलं. समोर रेतीचा हा एवढा ढीग, उघडाच. मुलं त्यावर खेळायची. आणि तुला सांगते, गावात एक जुनी रीत आहे, देवळाच्या अंगाला जायचं तर चपला घरीच काढून जायचं. देऊळ चार पावलांवर, मग चपला कशाला? त्यामुळं पोरं अनवाणी निघायची, देवाला हात जोडायची आणि तशीच रेतीत उतरायची. संध्याकाळी पोरं घरी गेली की तीच रेती कुत्र्या-मांजरांची. ऊब असायची तिला, उकरायला मऊ. ती तिथंच निजायची, तिथंच घाण करायची आणि वरून रेती लोटायची. सकाळी ढीग पुन्हा स्वच्छ दिसायचा.

रणजीतची मुलगी उन्नती पहिलीत. एके दिवशी तिचा तळवा खाजू लागला. प्रियानं, म्हणजे तिच्या आईनं, पाहिलं तर तळव्यावर कातडीखाली एक लाल वळवळती रेघ. दुसऱ्या दिवशी ती रेघ पुढं सरकलेली. पोरगी खाजवून खाजवून रडायची, झोप नाही. प्रिया घाबरून गेली. वाशीच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि विचारलं, ही मातीत, रेतीत खेळते का? कुत्री असतात का तिथं?

घरी आल्या आल्या प्रियानं सासूच्या पुढ्यात पाय धरला पोरीचा. "बघा आई. कुत्र्याचे जंत आहेत हे. डॉक्टर बोलले, कुत्र्याच्या घाणीतून रेतीत येतात आणि पायातून आत शिरतात. जिवंत आहे तो आत! चालतोय! मला किती टेन्शन आलंय तुम्हाला कळतंय का? आणि तुम्ही त्याला भाकऱ्या चारताय."

केशरबाईनं नातीचा तळवा मांडीवर घेतला. त्या रेघेवरून बोट फिरवायची तिला हिंमत होईना.

"आजी, चिपळ्यानं केलं?" उन्नतीनं विचारलं.

"नाय गं बाय. त्याला तरी कुटं ठाव हाय त्याच्या पोटात काय हाय."

रणजीत दारात उभा राहून ऐकत होता. तो वाईट माणूस नाही, हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढं तुला गोष्ट सोपी वाटेल. पोरीच्या पायाकडं बघून त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "आये, त्या कुत्र्याचं कायतरी करायला लागंल."

"काय करायला लागंल?"

"औषध. जंताचं. नेरूळला एक डॉक्टरीनबाय हाय, कुत्र्यांचा दवाखाना हाय तिचा. तितं ॲडमिट करू. बरा झाला का आनून सोडू देवळात."

"आनून सोडशील?"

"मग काय."

"देवलात चल. मारुतीसमोर बोल."

आणि रणजीत गेला, मुला. आईच्या बरोबर गेला, शेंदराला हात लावला आणि म्हणाला, "बरा करून आनून देतो." केशरबाईचं मन हलकं झालं. देवासमोर बोललेला शब्द तिच्या लेखी झालेलंच काम होतं.

गोटीरामनं टेम्पो देवळासमोर लावला. मागं कोंबडीचे तुकडे ठेवले. चिपळ्या आला, वास घेतला, टेम्पोकडं पाहिलं आणि मागं सरला. गोटीराम पुढं झाला तर तो रेतीच्या ढिगामागं जाऊन उभा राहिला. रणजीतनं पोत्याच्या सुतळीचा फास केला, तर तो दिसेनासाच झाला.

"आये," रणजीत म्हणाला, "तू हाक मार. तुजं ऐकंल तो."

केशरबाईनं हाक मारली. "चिपळ्या, ये रं बाला."

तो आला. ढिगामागून, मान हलवत, कान वाजवत, शेपूट पाडून पण आला. तिनं टेम्पोच्या फळीवर थाप मारली आणि तो उडी मारून वर चढला. तिकडच्या कोंबडीला त्यानं तोंडही लावलं नाही. तिच्याकडंच बघत राहिला.

"जा बाला. इंजेक्शन घे, शाना हो. मग ये."

गोटीरामनं ताडपत्री ओढली. फटीतून ओलं नाक तेवढं दिसत होतं. टेम्पो गेला.

रणजीतला ती रोज विचारायची.

"खातो का रं?"

"खातो."

"पट्टा काढला नाय ना गळ्यातला?"

"नाय गं आये. ॲडमिट हाय बोललो ना. सलाइन लावलंय."

"आनि कान?"

"कान पन बघतायत."

ती ऐकायची, मान डोलवायची. मुलगा किती करतो एका मुक्या जीवासाठी, असं शेजारणींना सांगायची. तिनं उंबऱ्याजवळची जागा धुतली, नवं पोतं झाडून अंथरलं. शनिवार आला. भजन झालं. त्या दिवशी गोटीरामचा हात पखवाजावर सारखा चुकत होता. बुवांनी दोनदा मागं वळून पाहिलं. "काय रं, झोप लागली काय?" गोटीराम म्हणाला, "पखवाजाची शाई उतरलीय बुवा, भरायला द्यायला लागंल." त्यानं केशरबाईकडं मात्र पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी तिला राहवेना. तिनं भाकरी केली, बोंबलाची डोकी भाजली, डबा भरला आणि कुणाला न सांगता नेरूळची बस धरली. विचारत विचारत दवाखाना शोधला.

डॉक्टरचं नाव कैनात. रायगडच्या किनाऱ्याकडची मुलगी, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, हातात मोजे. बाकावर सीवूड्सकडची, आंघोळ घातलेली, नावानं हाक मारली की मान वळवणारी कुत्री आपापल्या माणसांच्या मांडीवर बसली होती. त्यांच्यामधून केशरबाई थेट आत गेली.

"माजा चिपळ्या कंच्या पिंजऱ्यात हाय गं बाय? त्याचं जेवान आनलंय."

"कोण चिपळ्या, आजी?"

"पिवळा. लाल पट्टा. कोपरखैरण्याचा. रणजीतनं आनला नाय का, टेम्पोतून?"

कैनातनं आठवून पाहिलं, मदतनीस मुलीला विचारलं. "आजी, असा कुत्रा आमच्याकडे आलेलाच नाही."

"आलाय. सलाइन लावलंय त्याला. तू बघ ना नीट, मागं असंल."

कैनातनं वाद घातला नाही. तिचा हात धरून मागं नेलं. एकेका पिंजऱ्यापाशी दोघी थांबल्या. एक काळा, पाय मोडलेला. एक म्हातारी कुत्री. एक मांजर. बाकीचे रिकामे. केशरबाईनं रिकाम्या पिंजऱ्यांतही वाकून पाहिलं. मग डबा खाली ठेवला आणि ती डब्याशेजारी फरशीवरच बसली.

"मारुतीसमोर बोलला होता," ती म्हणाली.

कैनातही तिच्याशेजारी खाली बसली. पाणी दिलं. "कसा आहे दिसायला? काही खूण?"

"भजनात कान वाजवतो तो. तालात."

कैनातचा हात थांबला. तिनं मोबाईल काढला, काहीतरी शोधलं आणि समोर धरलं. देऊळ, गजर, उंबरा आणि पट्-पट्-पट्. "हा?"

"हाच! हाच माजा बाला!"

"आजी, हा मी पाहिला होता. खाली लिहिलंही होतं, याचे कान कुणीतरी तपासा म्हणून. लोकांनी हसणारी तोंडं टाकली."

"कान? कशाला तपासायचे?"

कैनात उठली. कोपऱ्यात रस्त्यावरून आणलेलं एक पिल्लू होतं. तिनं त्याचा कान उलटा केला. आत, कातडीच्या घडीत, करडे टपोरे मणी एकाला एक चिकटून बसलेले. "गोचीड. रक्त पितात. आत खोलवर गेले, की कान सडायला लागतो, कुत्रं डोकं झटकत राहतं. झटकून झटकून कान फुगतो. याचा डावा फुगलाय, दिसतंय ना?"

"मी हळद लावली होती," केशरबाई म्हणाली. तिनं पिल्लाच्या कानाकडं वाकून पाहिलं. मग, "पन गजराला वाजवायचा तो. बरोबर गजराला."

"दुखऱ्या कानावर मोठा आवाज पडला की कळ येते, आजी."

हे ऐकलंस? पुन्हा नाही सांगणार मी. माझ्याच्यानं सांगवत नाही.

केशरबाईनं विचारलं, "मग तो निघून कशाला नाय गेला? गाव एवडं मोठं हाय. भजन चालू झालं का लांब जाऊन बसायचं ना."

कैनातनं पिल्लाचा कान हळूच खाली सोडला. "तुम्ही तिथं होता ना," ती म्हणाली.

निघताना केशरबाईनं नातीच्या पायाचंही विचारलं. कैनात म्हणाली, जंत एकट्या चिपळ्याच्या पोटात थोडेच असणार. त्या रेतीत जाणाऱ्या सगळ्याच जनावरांना औषध द्यायला हवं, रेती झाकायला हवी, पोरांच्या पायात चपला हव्यात. एकाला उचलून नेऊन काय होणार? तिनं गोळ्या दिल्या. एक गोचिडांची, एक जंतांची, भाकरीत लपवून द्यायच्या. "सापडला तर," ती म्हणाली, "मला बोलवा. मी येईन."

संध्याकाळी केशरबाई सरळ देवळात गेली. मंडळी जमत होती. गोटीराम खाली मान घालून पखवाजाला कणीक लावत होता. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"गोटीराम, चिपळ्याला कुटं सोडलास?"

कणकेचा गोळा त्याच्या बोटांत तसाच राहिला. "वैनी..."

"मी नेरूळला जाऊन आले."

गोटीरामनं गोळा खाली ठेवला. "उरनच्या वाटेला. कंटेनरचं यार्ड हाय, त्याच्या मागं, तिवरांच्या बाजूला. मी बोललो रणजीतला, नको म्हनून. पन काम त्याचंच हाय माज्याकडं, वैनी. उतरत नव्हता तो. वास घेत होता फळीचा, तुमचा हात लागला होता तितं. मग ढकलला."

"आनि वर बसून वाजवत होतास? माज्यासमोर?"

"हात चालत नव्हता," गोटीराम म्हणाला, आणि तेवढं खरं होतं.

कुणीतरी जाऊन रणजीतला आणलं. तो चपला न काढता पायरीपाशीच उभा राहिला. मागं प्रिया, तिच्या कडेवर उन्नती, पायाला पट्टी.

"आये, घरी चल. घरी बोलू."

"देवासमोर बोललास ना? मग देवासमोरच बोल."

"काय करू मग मी?" रणजीत एकदम ओरडला. "पोरीच्या पायात किडा चालतोय! रात रात रडते ती. तुना कुत्रा महत्त्वाचा हाय का तुजी नात?"

"तुज्याच रेतीतून आला तो किडा. झाकलीस रेती?"

बाहेर ढिगावर एक काळी कुत्री पोटात पाय घेऊन निजली होती आणि तिची पिल्लं एकमेकांच्या अंगावरून रेतीत लोळत होती. सगळ्यांना दिसत होतं ते.

प्रिया नवऱ्याकडं वळली. "अहो, पण मला पण तुम्ही ॲडमिट आहे असंच बोललात."

केशरबाई उठली. आवाज चढवला नाही तिनं. "तू मना सांगितलं असतंस ना रणजीत, आये, मी त्याला टाकून येतो, तर मी भांडले असते, रडले असते. पन तो माज्या हाकेवर आला होता. तू त्याला नाय फसवलंस रं. तू माज्या तोंडानं फसवलंस."

त्या शनिवारी भजन झालं नाही.

रविवारी सकाळी ती सगळी उरणच्या वाटेला गेली. गोटीराम टेम्पो चालवत होता, शेजारी रणजीत, मागं देवजीबुवा, केशरबाई आणि टाळकरी बायका. कैनातही आली, आपल्या स्कूटरवर. यार्डामागं कंटेनर एकावर एक रचलेले, पलीकडं खाडीतली तिवरांची झाडी, चिखल, आणि कुत्र्यांची एक टोळी, जिची ती जागा होती. तिथं उपऱ्याला कोण बसू देणार?

शोधून शोधून दमल्यावर बुवाच म्हणाले, "भजन लावू. तो ऐकून येईल." कैनातनं एवढंच सांगितलं, "हळू लावा. खूप हळू."

मग त्या उजाड जागी, रस्त्याच्या कडेला, धूळ उडवत जाणाऱ्या ट्रेलरच्या आवाजात, मंडळींनी गजर धरला. टाळ मिटून ठेवले. पखवाज नाहीच. फक्त केशरबाईच्या चिपळ्या, आणि ओठातल्या ओठात देवाचं नाव.

आणि तो आला रे.

तिवरांतून बाहेर आला. बरगड्या दिसत होत्या, मांडीवर चाव्याची जखम, लाल पट्टा अर्धा तुटलेला. दूर उभा राहिला आणि मान झटकली. पट्-पट्-पट्. पण या वेळी कुणी हसलं नाही. बायकांनी तोंडात पदर कोंबले.

केशरबाईला धीर कसा धरवणार? तिच्या तोंडून गेलंच, "चिपळ्या! ये रं बाला!"

चिपळ्यांच्या आवाजावर आलेला तो जीव त्या हाकेसरशी आक्रसला. कान मागं गेले, शेपूट पायांत गेलं. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा टेम्पोकडं, आणि वळून तिवरांत घुसला.

"मी हाक मारू का?" रणजीत म्हणाला.

"तू नको," केशरबाई म्हणाली. "कोनीच नको."

कैनात तिच्या कानाशी म्हणाली, "आजी, त्याचं नाव घेऊ नका. भाकरी ठेवा आणि पाठ फिरवून बसा."

भाकरीचा काला केला होता. आत गोळ्या, वर बोंबलाची डोकी. एका पत्र्यावर तो ठेवला. टेम्पो लांब नेला. मंडळी पाठ करून बसली, आणि केशरबाई तिवरांकडं पाठ करून हळूहळू चिपळ्या वाजवत राहिली. ज्याला बघायला आली होती, त्याच्याकडं पाठ करून. बराच वेळ काही नाही. मग चिखलात पाय रुतल्याचा आवाज. मग पत्रा किंचित सरकल्याचा. मग लपालप खाल्ल्याचा. आणि अगदी जवळून पट्-पट्.

ती वळली नाही. हात थांबवला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलंसुद्धा नाही, हात हलला की तो जाईल म्हणून.

वळून पाहिलं तेव्हा पत्रा चाटून लख्ख झालेला होता.

कैनात नंतरही जात राहिली, गोटीराम डबा पोचवत राहिला. जाळं लावून पाहिलं, पिंजरा लावून पाहिला. माणसाच्या हाती तो काही लागला नाही. पुढं गोटीरामनं येऊन सांगितलं, "वैनी, काल यार्डाच्या चहावाल्याकडं बसलेला दिसला. अंग धरलंय. मी मुद्दाम लांब थांबून बघितला. कान हलत नव्हते."

"एकदापन?"

"एकदापन नाय."

केशरबाई हसली, आणि हसता हसता तिला खाली बसावं लागलं.

रेतीवर आता निळी ताडपत्री असते, कडेनं विटा. रणजीतनं कैनातला गावात बोलावून सगळ्या कुत्र्यांना औषध दिलं, काळीला आणि तिच्या पिल्लांनाही. उन्नतीची रेघ विरली, आणि ती आता देवळाच्या पायरीपर्यंत चपला घालून येते. सगळं झालं ते झालं. फक्त रणजीत घरात म्हणाला, "आये, दार लावलंय," तर ती "बरं" म्हणते, आणि उठून दार बघून येते. तो ते बघतो.

केशरबाई शनिवारी भजनाला असतेच. चिपळ्या वाजवते, पण मध्येच हात थांबवून उंबऱ्याकडं बघते. काळीची पिल्लं तिथं येतात. ती त्यांचे कान उलटे करून तपासते, भाकरी ठेवते आणि तोंड फिरवून बसते. नाव मात्र एकाचंही ठेवलेलं नाही तिनं. नाव ठेवलं की हाक मारावी लागते, म्हणते.

झालं माझं आख्यान. आता ऊठ, पण एवढं कर. कुठंही गजर रंगात आला आणि सगळे डोलायला लागले, की क्षणभर दाराकडं मान वळव. तिथं कुणी मान हलवत असेल, तर ताल धरतोय म्हणून हसू नकोस, जवळ जाऊन बघ. आणि तेव्हा त्या यार्डाच्या कडेला, आता शांत कानांनी बसलेल्या चिपळ्याची आठवण काढ. मनातल्या मनातच काढ हं. मोठ्यानं हाक मारू नकोस.